पहिली प्रोग्रामिंग भाषा : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात यवतमाळ, वाशिम, बुलढाणा आणि गडचिरोलीकडच्या तालुक्याच्या कॉलेजांतली पत्रं जास्त आहेत. बहुतेकांचा विषय एकच आहे : पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं तर सुरुवात कशापासून करायची? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. संगणकात जे इंग्रजीत टाइप करायचं ते छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिलं आहे.

प्रश्न : बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला पन्नास मुलं आहेत. बऱ्याच जणांनी बारावीपर्यंत संगणकाला हात लावलेला नाही. लॅबमध्ये विंडोज ७ची जुनी मशिन आहेत आणि त्यांवर टर्बो सी (सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर) आहे. आधी सी शिकवावी की पायथन? ‘सी शिवाय पाया पक्का होत नाही’ असं सहकाऱ्यांचं म्हणणं आहे.
— सहायक प्राध्यापक, दारव्हा

उत्तर : पायथन. सी वाईट आहे म्हणून नव्हे, तर ती नवशिक्यांसाठी बनलेलीच नाही म्हणून. १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी घडवली. वापरणाऱ्याला मशिनची माहिती आहे, हे तिथे गृहीतच होतं. पायथनची पहिली आवृत्ती १९९१ला आली. तिचे कर्ते ग्विदो व्हान रोसम त्याआधी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत एबीसी नावाच्या, शिकणाऱ्यांसाठी आखलेल्या भाषेवर काम करत होते. त्याची छाप पायथनवर दिसते.

वर्गातला फरक पहिल्याच तासाला कळतो. दोन आकडे घेऊन बेरीज दाखवायची, एवढ्यासाठी सी मध्ये हेडर फाइल, मेन, महिरपी कंस, अर्धविराम, ‘पर्सेंट डी’ आणि स्कॅनएफमधलं ‘अँड’चं चिन्ह, हे सगळं एकदम समोर येतं. यातलं शेवटचं चिन्ह विसरलं तर टर्बो सी बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. उत्तर मात्र भलतंच येतं. ‘ते चिन्ह कशाला?’ असं मुलानं विचारलं तर उत्तरात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सांगावा लागतो, आणि तो पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. मग ‘आत्ता फक्त लिहून घ्या’ सुरू होतं. पाठांतराची सवय इथेच लागते.

टर्बो सीबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा असतो, म्हणजे ३२७६७च्या पुढे जात नाही. ८ क्विंटल कापूस आणि ७००० रुपये भाव, असा गुणाकार इंटमध्ये करायला लावून पाहा. ५६००० ऐवजी उणे ९५३६ येईल (५६०००मधून ६५५३६ गेले). हा प्रकार पुढे कधीतरी मुद्दाम शिकवण्यासारखा आहे, पण पहिल्या महिन्यात तो मुलांचा स्वतःवरचाच विश्वास उडवतो. शिवाय कोनिओ, क्लिअरस्क्रीन, व्हॉइड मेन या टर्बो सीच्या सवयी बाहेरच्या आजच्या कंपायलरवर (प्रोग्राम मशिनच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत नाहीत किंवा चुकीच्या धरल्या जातात.

अभ्यासक्रमात पहिल्या सेमिस्टरला सी असेलच, तर परीक्षा टाळता येणार नाही. अशा वेळी पहिले दोन-तीन आठवडे व्हेरिएबल (आकडा किंवा मजकूर ठेवायची नाव दिलेली जागा), कंडिशन (अट) आणि लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणं) पायथनमध्ये करून घ्या आणि मग तेच प्रोग्राम सी मध्ये लिहायला लावा. विचार ओळखीचा असतो, त्यामुळे फक्त लिहिण्याची पद्धत नवी राहते. सीसाठी टर्बो सीऐवजी कोडब्लॉक्स हा एडिटर घ्या. डाउनलोड करताना नावात ‘मिंगडब्ल्यू’ असलेली फाइलच निवडा. दुसरीत कंपायलर नसतो, आणि ‘सॉफ्टवेअर टाकलं पण चालत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता तुमच्या मशिनबद्दल. विंडोज ७वर पायथन ३.८च्या पुढची आवृत्ती चालत नाही. ३.८.१० ही इन्स्टॉलरसह आलेली त्या मालिकेतली शेवटची, ती घ्या. विंडोजला सर्व्हिस पॅक १ नसेल तर इन्स्टॉलर पुढे सरकत नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनलेला हा एडिटर आहे आणि त्याच्या पोटातच पायथन असतं, वेगळं टाकावं लागत नाही. त्याच्या डाउनलोड पानावर विंडोज ७पासून चालणारा, ३२ बिट पायथन ३.८ असलेला इन्स्टॉलर मिळतो. एकदा पेनड्राइव्हवर घेतला की सगळी मशिन इंटरनेटशिवाय होतात. इन्स्टॉल करताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडायचा. नाहीतर सरांच्या लॉगिनला थॉनी दिसतो आणि मुलांच्या लॉगिनला दिसत नाही.

प्रश्न : फळ्यावर होतं अगदी तसंच टाइप केलं, तरी लाल अक्षरं येतात. घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर पायड्रॉइड हे पायथनचं ॲप वापरतो. लॅबमध्ये चाललेला प्रोग्राम मोबाइलवर चालत नाही आणि मोबाइलवरचा लॅबमध्ये.
— विद्यार्थी, मंगरूळपीर

उत्तर : लाल अक्षरं वरून नव्हे, खालून वाचा. चूक कोणत्या प्रकारची, ते शेवटच्या ओळीत असतं आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. निम्म्या चुका एवढ्यानेच सापडतात. तुमच्यासारख्या पत्रांत पुन्हापुन्हा दिसणारी कारणं खाली देतो.

‘नेमएरर : नेम प्रिंट इज नॉट डिफाइन्ड’ असं आलं तर पहिलं अक्षर पाहा. मोबाइलचा कीबोर्ड वाक्याच्या सुरुवातीला आपोआप कॅपिटल अक्षर टाकतो, आणि पायथनच्या लेखी कॅपिटल पी चा प्रिंट आणि लहान पी चा प्रिंट हे दोन वेगळे शब्द आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑटो-कॅपिटलायझेशन बंद करा.

‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ आलं तर अवतरणचिन्हं तपासा. सरांनी नोट्स वर्डमध्ये टाइप करून ग्रुपवर टाकल्या असतील, तर वर्डनं सरळ चिन्हांची वाकडी केलेली असतात. दिसायला सुंदर, पण पायथनला न कळणारी. ती खोडून तिथेच हाताने पुन्हा टाइप करायची.

‘टॅबएरर’ म्हणजे काही ओळी टॅबनं आत सरकवल्या आहेत आणि काही स्पेसनं. नोटपॅडमध्ये टॅब दाबला की खरा टॅब पडतो. थॉनीत त्याच्या जागी चार स्पेस पडतात. लॅबमध्ये नोटपॅडवर सुरू केलेली फाइल मोबाइलवर पूर्ण केली की ही गडबड होते. नोटपॅड वापरूच नका. त्याची दुसरी खोड म्हणजे फाइलला नाव ‘बेरीज डॉट पीवाय’ दिलं तरी ती ‘बेरीज डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ होऊन बसू शकते, आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे ते दिसत नाही.

‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ आलं आणि दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नसेल, तर वरची ओळ पाहा. तिथे कंस उघडून बंद केलेला नसेल. पायथन ३.८ पुढच्या ओळीकडे बोट दाखवतं, ३.१०पासून मात्र ‘हा कंस बंदच केला नाही’ असं स्पष्ट सांगतं. मोबाइलवर पायथन नवं आणि लॅबमध्ये जुनं असेल, तर एकाच चुकीवर दोन ठिकाणी दोन वेगळे निरोप दिसतात, ते यामुळेच.

आणि फाइलला ‘टर्टल’ (चित्रं काढायचं) किंवा ‘रँडम’ असं पायथनच्या तयार मॉड्यूलचं नाव देऊ नका. इम्पोर्ट टर्टल म्हटल्यावर पायथन आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतं, तुमचीच फाइल उचलतं आणि ‘टर्टलमध्ये टर्टल नाही’ अशा अर्थाचा न उलगडणारा निरोप देतं.

एक चूक लाल अक्षरांशिवायही होते. इनपुटनं घेतलेला आकडा म्हणजे अक्षरांची माळ असते. १२ आणि १५ दिले की ‘बेरीज’ १२१५ येते. तुलनाही फसते : ९ आणि १० यांत ९ मोठा ठरतो, कारण पहिली अक्षरं आधी ताडली जातात. आकडा हवा असेल तर इनपुटला इंट किंवा (अपूर्णांकासाठी) फ्लोटच्या कंसात घाला.

प्रश्न : प्रॅक्टिकलच्या वेळीच लाइन जाते. इन्व्हर्टर फक्त ऑफिसला आहे. वीस मशिनपैकी चौदा चालू, बॅचमध्ये अठ्ठावीस मुलं. कसं करावं?
— प्राध्यापिका, आरमोरी

उत्तर : चौदा मशिनवर अठ्ठावीस मुलं ही अडचण समजू नका. एका मशिनवर दोघं ही पहिल्या सेमिस्टरसाठी चांगली जुळणी आहे, अट एकच : एक टाइप करेल आणि दुसरा सांगेल, आणि सांगणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. घड्याळ लावून तुम्हीच ‘बदला’ म्हणा, नाहीतर ज्याला येतं तोच पूर्ण तास टाइप करतो. मुलींच्या जोड्यांकडे विशेष लक्ष असू द्या. मुलगा-मुलगी जोडीत कीबोर्ड बरेचदा मुलाकडेच राहतो.

लाइन गेल्यावर करण्यासारखं बरंच आहे, फक्त ते आधी छापून ठेवायला हवं. एक काम म्हणजे पूर्वअंदाज : आठ-दहा ओळींचा प्रोग्राम कागदावर द्यायचा आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे याचा तक्ता भरून घ्यायचा. उभे रकाने व्हेरिएबलचे, आडव्या ओळी पायऱ्यांच्या. लाइन आली की तोच प्रोग्राम थॉनीत कंट्रोल-एफ५नं डीबगला लावून एफ७नं एकेक पायरी चालवायची. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडी ठेवली की मुलं आपला तक्ता स्वतःच तपासतात.

दुसरं काम म्हणजे ओळींच्या पट्ट्या. प्रोग्रामची एकेक ओळ वेगळी कापायची, क्रम मोडायचा, त्यात दोन चुकीच्या ओळी मिसळायच्या आणि मुलांकडून जुळवून घ्यायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला पार्सन्स कोडी म्हणतात. सात-आठ ओळींपेक्षा मोठं कोडं नको. पायथनमध्ये कोणती ओळ किती आत सरकवायची हेही मुलांनीच ठरवायचं, त्यासाठी वहीच्या पानावर चार उभ्या रेघा मारून घ्या. चुकीच्या ओळी निवडताना मुलं खरोखर करतात त्याच चुका घ्या : लूपच्या आत बेरीज पुन्हा शून्य करणारी ओळ, किंवा तुलनेच्या जागी एकच बरोबरचं चिन्ह.

प्रश्न : पदवीच्या मुलांना स्क्रॅच शिकवणं पोरकट वाटणार नाही का?
— वाचक, चिखली

उत्तर : महिनाभर चालवलं तर वाटेल. दोन तास चालवा. स्क्रॅच २००७ला एमआयटीतून लोकांसमोर आलं. ठोकळे जोडायचे असल्यामुळे टायपिंगची चूक होतच नाही, आणि लूपनं एक चौकोन काढला की लूप म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. ज्यांना माउससुद्धा नवा आहे त्यांचा हातही बसतो. तिसऱ्या तासाला पायथनचा टर्टल उघडून तोच चौकोन काढायला लावा.

प्रश्न : मराठीत प्रोग्राम लिहिता येतो का?
— विद्यार्थिनी, एम.ए., पुसद

उत्तर : अर्धा येतो. पायथन ३मध्ये व्हेरिएबलचं नाव ‘वजन’ किंवा ‘भाव’ असं सरळ देवनागरीत ठेवता येतं. इफ, फॉर, प्रिंट हे शब्द मात्र इंग्रजीच राहतात. अवतरणचिन्हांतला मजकूर मराठीत हवा तेवढा लिहा. ‘वजन किती क्विंटल?’ असा प्रश्न पडद्यावर दिसला की मुलं वेगळ्या उत्साहानं आकडे भरतात.

अडचणी येतात त्या कीबोर्ड बदलताना. कंस आणि अवतरणं टाइप करायला दर ओळीत दोनदा भाषा बदलावी लागते. काही कीबोर्ड जोडाक्षर लिहिताना न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि नावात ते आलं की एरर येतो. म्हणून मराठी नावं घ्यायचीच तर जोडाक्षरांविना घ्या.

मराठी अंकांची गंमत वेगळीच आहे. प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी आकडा लिहिला तर पायथन अडतं, पण वापरणाऱ्यानं इनपुटला देवनागरीत १२ दिले तर इंट ते निमूट स्वीकारून बारा करतं. आणि ‘विदर्भ’ या शब्दाची लांबी विचारली तर तीनऐवजी ६ येते : व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या मुलींनी इथून सुरुवात केली तर त्यांना आकड्यांच्या उदाहरणांपेक्षा लवकर गोडी लागेल, असं आमचं मत आहे.

प्रश्न : शिकवलेलं सगळ्यांना समजतं. मान डोलावतात, जर्नल पूर्ण असतं. पण नवीन प्रश्न दिला की कोरा कागद. लूप येतो, इफ येतो, दोन्ही एकत्र येत नाहीत. काय चुकतं?
— विभागप्रमुख, आर्वी

उत्तर : ही तक्रार जगभरची आहे. अमेरिकेत एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न दिला होता, तो पुढे ‘पावसाचा प्रश्न’ म्हणून ओळखला जाऊ लागला : रोजच्या पावसाचे आकडे घेत जा, ९९९९९ आला की थांब, उणे आकडे सोडून दे, सरासरी सांग. लूप, इफ, बेरीज, मोजणी, भागाकार, प्रत्येक गोष्ट येणाऱ्या मुलांनाही तो जड गेला. अवघड असते ती जोडणी, आणि ती वेगळी शिकवावी लागते. आपण शिकवतो सुटे भाग आणि परीक्षा घेतो जोडणीची.

हाच प्रश्न घ्या, तालुक्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये. आकडे द्या : १२, ०, उणे ५, ३०, ९९९९९. संगणक उघडण्याआधी हातानं उत्तर काढायला लावा. ते १४ आहे, कारण १२, ० आणि ३० यांची बेरीज ४२, दिवस तीन. आता मुलांच्या पडद्यावर जे चुकीचं उत्तर दिसेल, त्यावरून चूक कुठे आहे ते तुम्हाला कोडची एक ओळही न वाचता सांगता येईल.

२१ आलं तर त्यानं ‘शून्यापेक्षा मोठा’ अशी अट घातली आणि कोरडा दिवस मोजलाच नाही. कोरडा दिवस हीसुद्धा नोंद आहे, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. ९.२५ आलं तर उणे आकडा बेरजेत शिरला. १०.५ आलं तर थांबण्याचा आकडा बेरजेतून वगळला, पण मोजणीत धरला. २५०१०.२५ आलं तर ९९९९९ मिलिमीटर पाऊस पाडला गेला आहे. उत्तर १४ आलं तरी सोडू नका. पहिलाच आकडा ९९९९९ द्या. ‘झिरोडिव्हिजनएरर’ येईल, आणि भागाकाराआधी मोजणी शून्य आहे का ते तपासायचं, हे तिथे कळेल.

कंडिशनसाठी कापसाच्या ओलाव्याचा हिशोब घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीतला सर्वसाधारण नियम असा : ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर वाढीव टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, १२च्या वर खरेदी नाही. भाव ७००० धरून कोडआधी हा तक्ता मुलांकडून भरून घ्या : ७ टक्क्यांना ७०००, ८ला ७०००, ८.५ला ६९६५, १०ला ६८६०, १२ला ६७२०, १२.१ला नकार. नेमक्या सीमेवरचे आकडे, म्हणजे ८ आणि १२, तक्त्यात असायलाच हवेत. ‘पेक्षा लहान’ आणि ‘लहान किंवा बरोबर’ यांतली गफलत तिथेच उघडी पडते.

१०ला ६९९८ आलं तर मुलानं दोन टक्क्यांऐवजी दोन रुपये कापले. आणि ७ला ७०७० आलं, तर ‘१२ किंवा कमी’ ही अट आधी लिहिली आहे. सात टक्के ओलावाही त्याच अटीत बसतो, त्यामुळे ‘८ किंवा कमी’ची ओळ कधी येतच नाही, कपात उणे एक टक्का होते आणि शेतकऱ्याला हमीभावावर सत्तर रुपये जास्त मिळतात. इफ-एलिफमध्ये क्रम का महत्त्वाचा, यावर दहा मिनिटं बोलण्याऐवजी हे उत्तर फळ्यावर लिहा आणि ‘असं कसं?’ एवढंच विचारा.

क्रम असा ठेवा : आकड्यांचा तक्ता, मग मराठीत चार-पाच वाक्यांत रीत, मग प्रत्येक वाक्यासमोर कोडची ओळ. मधली पायरी मुलं टाळू पाहतील. तिला जर्नलमध्ये गुण ठेवा, म्हणजे टाळणार नाहीत.

प्रश्न : आता मुलं मोबाइलवर एआयला विचारतात आणि तयार प्रोग्राम जर्नलमध्ये उतरवतात. गुण कसे द्यायचे?
— सहायक प्राध्यापक, मेहकर

उत्तर : जर्नल पूर्वीही उतरवलेलंच असायचं, फक्त सीनियरच्या जर्नलमधून. अंतर्गत गुणांची विभागणी तुमच्या हाती असेल तर जर्नलचा वाटा कमी करा आणि समोर बसून करायच्या बदलाला जास्त गुण ठेवा. मुलाचाच प्रोग्राम त्याच्यासमोर उघडायचा आणि पाच मिनिटांत होणारा एक बदल सांगायचा : हमाली वजा कर, एकाऐवजी तीन शेतकऱ्यांचा हिशोब कर, ओलावा शंभराच्या वर टाकला तर पुन्हा विचार. किंवा एक ओळ खोडून ‘आता काय दिसेल?’ असं विचारायचं आणि उत्तर दिल्यावरच प्रोग्राम चालवायचं एफ५ बटण दाबू द्यायचं. ज्यानं प्रोग्राम समजून घेतला आहे, मग तो एआयकडून आणलेला का असेना, त्याला हे जमतं. बदल प्रत्येकाला वेगळा द्या. दहा-बारा चिठ्ठ्या करून ठेवल्या तर एका बॅचला पुरतात, पण पुढच्या बॅचसाठी नव्या कराव्या लागतील, कारण चहाच्या टपरीपर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न ग्रुपवर गेलेले असतात.